जोडण्यांचे दफ्तर

मोबाइलचा पडदा मालवून तो मेजावर ठेवला म्हणजे त्याचे जगाशी चाललेले दळणवळण थांबले, अशी समजूत कोणी करून घेतली असेल तर ती सोडून द्यावयास हवी. कारण पडदा मालवल्यानंतरही त्या यंत्राच्या अंतर्भागातून कितीतरी जोडण्या दूरदूरच्या सर्व्हरांपर्यंत पसरलेल्या असतात, त्यांतील काही संदेशाची वाट पाहत स्तब्ध असतात, काही नुकत्याच तुटलेल्या असून त्यांची अखेरची नोंद पुसली जावयाची असते, आणि एखादी अशीही असते की तिचा उगम कोणत्या अ‍ॅपात आहे याची यंत्राच्या मालकास पुसटशीही कल्पना नसते. कोणते अ‍ॅप, कोणत्या पत्त्याशी, कोणत्या पोर्टवरून आणि कोणत्या अवस्थेत जोडलेले आहे याचा सारा तपशील यंत्र मात्र क्षणोक्षणी लिहून ठेवीत असते, कारण तो लिहिल्यावाचून त्याचे एक पाऊलही पुढे पडणार नाही.

या तपशिलाविषयी दोन प्रश्न उद्भवतात. प्रोग्राम लिहून तो कसा वाचावा हा पहिला, आणि तो वाचण्याचा अधिकार कोणास असावा हा दुसरा. पहिला निव्वळ तंत्राचा आणि दुसरा निव्वळ नीतीचा, असे वरवर पाहता वाटेल. परंतु गेल्या काही वर्षांत हे दोन्ही प्रश्न एकमेकांत असे गुंतले आहेत की एकाचा विचार दुसऱ्यास वगळून करता येत नाही. माझे मत आरंभीच सांगावयाचे तर, हे दफ्तर परक्यांच्या नजरेपासून राखण्याचा जो बंदोबस्त यंत्रनिर्मात्यांनी केला तो सर्वथा योग्य होता. परंतु तो करताना खुद्द मालकासही त्यांनी परक्यांमध्येच जमा केले, आणि ही गोष्ट दुरुस्त व्हावयास हवी.

जोडणी म्हणजे दोन यंत्रांमध्ये ताणलेली प्रत्यक्ष तार नव्हे. मे १९७४ मध्ये विंटन सर्फ आणि रॉबर्ट कान या अमेरिकी संशोधकांनी जी योजना एका निबंधाद्वारे मांडली, आणि जिच्यातून विकसित झालेली टीसीपी-आयपी ही पद्धती आर्पानेट या जाळ्याने १ जानेवारी १९८३ रोजी अधिकृतपणे स्वीकारली, त्या योजनेचे मर्मच असे होते की मधल्या जाळ्याने कोणत्याही संभाषणाची आठवण ठेवू नये. त्याने केवळ पाकिटे पुढे सरकवावीत, आणि कोणाचे कोणाशी काय बोलणे चालले आहे, कोणता भाग पोहोचला, कोणता पुन्हा धाडावा लागेल, याची सारी जबाबदारी दोन्ही टोकांच्या यंत्रांनी आपल्या शिरावर घ्यावी. तेव्हा जोडणी ही वस्तुतः दोन टोकांना ठेवलेली एकसारखी नोंद असते. तिची ओळख चार गोष्टींनी पटते: आपला आयपी पत्ता, आपला पोर्ट क्रमांक, पलीकडचा पत्ता आणि पलीकडचा पोर्ट क्रमांक. पोर्ट म्हणजे एकाच पत्त्यावर चाललेली निरनिराळी संभाषणे वेगळी राखण्यासाठी दिलेला सोळा बिटांचा क्रमांक, आणि म्हणून तो ६५,५३५ च्या पलीकडे जाऊ शकत नाही. सुरक्षित संकेतस्थळांसाठी ४४३, नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या डीएनएस सेवेसाठी ५३, असे काही क्रमांक रूढीने आणि नियमाने ठरून गेलेले आहेत.

या चार गोष्टींच्या जोडीला पाचवी असते ती अवस्था. सप्टेंबर १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या टीसीपीच्या प्रमाणग्रंथात जोडणीच्या एकूण ११ अवस्था सांगितल्या आहेत, आणि जोडणीचे आयुष्य म्हणजे या अवस्थांतून होणारा प्रवास होय. कोणी हाक मारील म्हणून ऐकत बसणे, हाक मारून उत्तराची वाट पाहणे, संबंध प्रस्थापित होणे, निरोप घेऊ लागणे, आणि निरोप घेऊन झाल्यावरही वाटेत रेंगाळलेले एखादे पाकीट नव्या संभाषणात चुकून मिसळू नये म्हणून काही काळ थांबून राहणे, अशा त्या अवस्था आहेत. यांतील एक विशेष लक्ष देण्याजोगी आहे. पलीकडच्याने निरोप घेतला, परंतु आपल्याकडील अ‍ॅपाने आपले टोक मिटवलेच नाही, अशा वेळी जोडणी ज्या अवस्थेत अडकून पडते तिच्या नोंदी एखाद्या अ‍ॅपाच्या नावे पुष्कळ साठलेल्या दिसल्या, तर त्या अ‍ॅपाच्या रचनेत दोष आहे असे खुशाल समजावे.

हे सारे लिहून ठेवणारा लेखनिक म्हणजे यंत्राच्या कार्यप्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात तो. अ‍ॅप स्वतः जाळ्याला कधीच हात लावीत नाही. ते कर्नलकडे सॉकेट नावाची वस्तू मागते आणि तिच्यामार्फत बोलते. ही सॉकेटची व्यवस्था कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील शाखेत घडली, १९८३ साली ४.२ बीएसडी या युनिक्सच्या आवृत्तीबरोबर ती सर्वत्र पोहोचली, आणि कर्नलच्या पोटातील जोडण्यांची यादी पडद्यावर मांडणारी नेटस्टॅट ही आज्ञाही त्याच आवृत्तीत प्रथम आली. कर्नलच्या अंतर्गत स्थितीला फाइलींचे रूप द्यावे, म्हणजे ती वाचण्यासाठी वेगळे साधन लागणार नाही, ही कल्पना युनिक्सच्याच घराण्यातली. बेल प्रयोगशाळेत १९८४ च्या सुमारास चालू प्रक्रियांना फाइलींच्या रूपात दाखवणारी ‘प्रॉक’ नावाची निर्देशिका तयार झाली, आणि पुढे लिनक्सने ती कल्पना उचलून तिचा पुष्कळच विस्तार केला. अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असल्यामुळे हा सारा वारसा २००८ सालच्या पहिल्या अँड्रॉइड मोबाइलापासून आपल्या खिशात आलेला आहे.

लिनक्सच्या प्रॉक निर्देशिकेत ‘नेट’ नावाची उपनिर्देशिका असते, आणि तिच्यात ‘टीसीपी’, ‘टीसीपी६’, ‘यूडीपी’ व ‘यूडीपी६’ अशा फाइली असतात. त्या कोठेही साठवलेल्या नसतात; कोणी वाचावयास घेतली की कर्नल त्या क्षणीची स्थिती पाहून मजकूर तयार करून देतो. प्रत्येक जोडणीस एक ओळ, आणि ओळीत ठरलेल्या क्रमाने रकाने. प्रोग्रामकर्त्याला एवढेच करावयाचे की फाइल उघडावी, पहिली शीर्षकाची ओळ सोडावी, आणि उरलेल्या प्रत्येक ओळीचे मोकळ्या जागांवर तुकडे पाडावेत. परंतु तुकडे पाडल्यावर जे हाती येते ते सहज समजण्यासारखे नसते, आणि या ठिकाणी थोडे थांबणे अवश्य आहे, कारण नवशिक्यांचा गोंधळ होतो तो येथेच.

पत्ते षोडशमान पद्धतीत लिहिलेले असतात. घरच्या वायफायवर मोबाइलास मिळालेला पत्ता १९२.१६८.१.५ असा आहे असे धरले, तर फाइलीत तो ‘०५०१ए८सी०’ असा दिसतो. दोन दोन अक्षरांचे गट करून पाहिले तर ०५ म्हणजे ५, ०१ म्हणजे १, ए८ म्हणजे १६८ आणि सी० म्हणजे १९२, अर्थात तोच पत्ता, परंतु शेवटाकडून आरंभाकडे. याचे कारण असे की जाळ्यावर पत्त्याचा थोरला भाग आधी जातो, तर आपल्या मोबाइलांतील प्रोसेसर स्मृतीतील धाकटा भाग आधी धरून संख्या वाचतो, आणि कर्नल त्या चार बाइटांना एक अखंड संख्या मानून छापून देतो. पोर्ट क्रमांक मात्र छापण्यापूर्वी कर्नल स्वतःच सरळ करून घेतो; त्यामुळे ४४३ हा क्रमांक ‘०१बीबी’ असा, उलट न करता, वाचावयाचा. एकाच रकान्यात पत्ता उलटा आणि पोर्ट सुलटा, हे ज्याच्या ध्यानात आले नाही त्याचा प्रोग्राम जगात नसलेल्या पत्त्यांची यादी मोठ्या आत्मविश्वासाने दाखवू लागतो. अवस्थाही याच पद्धतीने येते: ०१ म्हणजे प्रस्थापित जोडणी, ०६ म्हणजे निरोपानंतरची प्रतीक्षा, ०ए म्हणजे ऐकत बसलेले सॉकेट.

पुढील रकान्यांपैकी सर्वांत मोलाचा रकाना वापरकर्ता क्रमांकाचा. युनिक्सच्या मूळ कल्पनेत एका यंत्रावर अनेक माणसे काम करीत असत आणि प्रत्येकास एक क्रमांक दिलेला असे. अँड्रॉइडच्या रचनाकारांनी ही जुनी व्यवस्था एका नव्या कामासाठी राबवली, आणि माणसांऐवजी प्रत्येक अ‍ॅपास, ते स्थापित होताच, १०,००० पासून पुढचा एक स्वतंत्र क्रमांक देऊन टाकला. एक अ‍ॅप दुसऱ्याच्या फाइलींना स्पर्श करू शकत नाही ते या क्रमांकांमुळेच. या व्यवस्थेचा आनुषंगिक लाभ असा झाला की जोडणीच्या ओळीत १०१२३ हा क्रमांक दिसला की तो कोणत्या अ‍ॅपाचा, हे प्रणालीला विचारून तात्काळ नावानिशी सांगता येई. साध्या लिनक्स संगणकावर हीच रुजुवात घालण्यासाठी प्रत्येक प्रक्रियेच्या उघड्या फाइली धुंडाळीत बसावे लागते. अँड्रॉइड मोबाइलावर दहावीस ओळींच्या प्रोग्रामास, कोणतीही विशेष परवानगी न मागता, यंत्रातील यच्चयावत अ‍ॅपांच्या जोडण्या उकलून दाखवता येत असत.

असा प्रोग्राम लिहिणाऱ्यास आणखी काही अडचणी येतात. अँड्रॉइडवरील बहुतेक अ‍ॅपे जी सॉकेटे उघडतात ती आयपीच्या जुन्या चौथ्या आणि नव्या सहाव्या अशा दोन्ही आवृत्त्यांस पुरी पडतील अशी असतात, आणि म्हणून जुन्या पद्धतीच्या पत्त्यांशी झालेल्या जोडण्यादेखील ‘टीसीपी६’ या फाइलीत, बत्तीस अक्षरांच्या लांब पत्त्याच्या शेपटीला चिकटलेल्या सापडतात. केवळ ‘टीसीपी’ वाचून थांबणाऱ्याच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही. भारतातील मोबाइल जाळ्यांवर आयपीची सहावी आवृत्ती मोठ्या प्रमाणावर रुळली असल्याने आपल्याकडे तर ती दुसरी फाइल हीच मुख्य समजावी. निरोपानंतर प्रतीक्षा करणाऱ्या जोडण्यांच्या ओळीत वापरकर्ता क्रमांक शून्य छापला जातो, कारण तोवर सॉकेट अ‍ॅपाच्या ताब्यातून गेलेले असते आणि कर्नलने मागे एक संक्षिप्त नोंद तेवढी ठेवलेली असते. परंतु शून्य हा प्रणालीच्या सर्वाधिकाऱ्याचाही क्रमांक असल्यामुळे असावध प्रोग्राम या सर्व जोडण्यांचे खापर प्रणालीवर फोडतो. शिवाय फाइल वाचणे म्हणजे एका क्षणाचे दर्शन. दर पाच सेकंदांनी वाचली तरी मधल्या काळात जन्मून संपलेली जोडणी एक तर दिसतच नाही, किंवा दिसली तर अशी निनावी होऊनच दिसते.

याहून गहन अडचण निराळीच आहे. संकेतस्थळांचे आणि चलचित्रांचे बरेच दळणवळण आता टीसीपीवरून न जाता क्विक या नव्या पद्धतीने जाऊ लागले आहे, आणि मे २०२१ मध्ये प्रमाण म्हणून प्रसिद्ध झालेली ही पद्धती यूडीपी या साध्या वाहनावर स्वार होते. यूडीपीमध्ये कर्नलच्या दृष्टीने जोडणी अशी काही नसतेच. संभाषणाचा आरंभ, त्याची प्रगती आणि त्याचा अंत हे सारे अ‍ॅपाच्या पोटात घडते, आणि कर्नलच्या दफ्तरात एक उघडे सॉकेट एवढीच नोंद राहते. पत्त्यावरून नाव शोधू जावे तर तेथेही निराशा, कारण सहस्रावधी संस्थांची स्थळे क्लाउडफ्लेअर, अकामाई, अ‍ॅमेझॉन अशा मोजक्या कंपन्यांच्या सामायिक सर्व्हरांवर नांदत असल्यामुळे पत्त्यावरून सर्व्हर कोणाचा ते कळते, त्यावर कोण बोलत आहे ते कळत नाही. उलट दिशेनेही असेच घडते. अनेक अ‍ॅपांच्या सूचना मोबाइलात येतात त्या प्रत्येक अ‍ॅपाच्या स्वतंत्र जोडणीने नव्हे, तर गूगलच्या सेवेने बहुधा ५२२८ या पोर्टवर अहोरात्र राखलेल्या एकाच जोडणीने. बॅटरीची बचत व्हावी म्हणून केलेली ही योजना शहाणपणाचीच आहे, परंतु तीमुळे यादीतील एका ओळीमागे किती अ‍ॅपे उभी आहेत ते यादी सांगू शकत नाही.

एवढ्या मर्यादा असूनही ही यादी फार काही सांगून जाते, आणि नेमक्या याच कारणाने ती सर्वांस खुली ठेवणे धोक्याचे होते. कोणाच्या मोबाइलावर कोणत्या वेळी कोणत्या रुग्णालयाशी, कोणत्या बँकेशी, कोणत्या विवाहजुळणीच्या सेवेशी जोडणी झाली, हे त्याच मोबाइलावर बसवलेल्या एखाद्या विजेरीच्या किंवा खेळाच्या अ‍ॅपास मुकाट्याने टिपता येत असे. हे भय काल्पनिक नव्हते. २०१३ साली अमेरिकेतील इंडियाना विद्यापीठ आणि अन्य काही संस्थांच्या संशोधकांनी दाखवून दिले होते की प्रॉक निर्देशिकेत प्रत्येक अ‍ॅपाने किती बाइट धाडले आणि किती घेतले याचे जे आकडे विनापरवाना वाचता येतात, तेवढ्यांवरूनसुद्धा एखादा मनुष्य आरोग्यविषयक अ‍ॅपात कोणत्या व्याधीची माहिती वाचीत आहे याचे अनुमान करता येते. मजकूर कूटबद्ध होता, कोणतेही कुलूप फोडलेले नव्हते, केवळ जमाखर्चाचे आकडे पाहिले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अँड्रॉइड १० या आवृत्तीने ‘प्रॉक’मधील ‘नेट’ ही उपनिर्देशिका अ‍ॅपांस बंद केली. त्या आवृत्तीवर फाइल वाचू पाहणाऱ्या अ‍ॅपास परवानगी नाकारली जाते, आणि मालकाने कितीही मनापासून संमती दिली तरी ती संमती नोंदवण्याची सोयच प्रणालीत ठेवलेली नाही.

मग आज अशी यादी कोणास मिळू शकते? मोबाइल संगणकास यूएसबीने जोडून, विकासकांसाठी असलेली डीबगिंगची सोय चालू करून, संगणकावरून नेटस्टॅटची आज्ञा दिली तर ती मिळते. परंतु हा मार्ग तंत्रज्ञांचा आहे. मोबाइलातल्या मोबाइलात, प्रोग्रामाद्वारे, यादी हवी असेल तर उरलेला व्यवहार्य मार्ग एकच, आणि तो आडवळणाचा आहे: अ‍ॅपाने स्वतः व्हीपीएन असल्याचे घोषित करावे. २०११ च्या अँड्रॉइड ४.० पासून कोणत्याही अ‍ॅपास, मालकाची स्पष्ट संमती घेऊन, यंत्रातून बाहेर जाणारी सर्व पाकिटे आपल्याकडे वळवून घेता येतात. ती दूरच्या सर्व्हराकडे न धाडता येथल्या येथे तपासावीत आणि मार्गस्थ करावीत, अशी ही युक्ती आहे. नेटगार्ड आणि पीसीएपीड्रॉइड ही मुक्त स्रोताची अ‍ॅपे याच युक्तीवर उभी आहेत, आणि ज्यांनी ती रचली व वर्षानुवर्षे सांभाळली त्यांच्याविषयी मला नितांत आदर वाटतो.

या मार्गाने जाणाऱ्यास कर्नलचे दफ्तर पाहावयास मिळत नाही; पूर्वीच्या जकातनाक्यावरील कारकुनाप्रमाणे समोरून जाणारा प्रत्येक माल उघडून त्याला स्वतःची नोंदवही नव्याने लिहावी लागते. प्रत्येक पाकिटाच्या आरंभी आयपीचा मथळा असतो. चौथ्या आवृत्तीत त्याच्या दहाव्या बाइटात पुढील पद्धतीचा क्रमांक सापडतो, ६ असेल तर टीसीपी आणि १७ असेल तर यूडीपी. तेराव्या बाइटापासून धाडणाऱ्याचा पत्ता, सतराव्यापासून घेणाऱ्याचा, आणि मथळा संपला की दोन्ही पोर्ट क्रमांक. आरंभाची खूण असलेले पाकीट दिसले की नवी नोंद उघडावयाची आणि समाप्तीची खूण दिसली की ती मिटवावयाची. क्षणिक जोडणीही यातून निसटत नाही, हा या पद्धतीचा फार मोठा गुण. यूडीपीवरील संभाषणेही सापडतात, आणि नावावरून पत्ता विचारणारी डीएनएसची पृच्छा कूटबद्ध नसेल तर पत्त्यामागचे नावही कळते.

ही जोडणी कोणत्या अ‍ॅपाची, हे मात्र पाकिटावर लिहिलेले नसते. त्यासाठी अँड्रॉइड १० ने कनेक्टिव्हिटी मॅनेजर या घटकात एक नवी पृच्छा दिली: पद्धती, दोन पत्ते आणि दोन पोर्ट सांगितले की त्या जोडणीच्या धन्याचा वापरकर्ता क्रमांक परत मिळतो. परंतु विचारणारे अ‍ॅप त्या क्षणी व्हीपीएन म्हणून कार्यरत असले पाहिजे, आणि जोडणी त्याच्याच मार्गाने चाललेली असली पाहिजे. याची तार्किक बाजू मला पटते, कारण ज्याच्या हातून पाकीट जात आहे त्याला धाडणाऱ्याचे नाव सांगण्यात नवे गुपित फुटत नाही. तथापि किंमतही लहान नाही. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतो, म्हणून कचेरीच्या कामासाठी जो खरा व्हीपीएन वापरतो त्याला ही तपासणी करता येत नाही. प्रत्येक पाकीट हाताळावे लागत असल्याने बॅटरीवर भार पडतो. आणि सर्वांत अवघड गोष्ट ही की एक यादी पाहण्यासाठी मालकास आपले सारे दळणवळण एका तिसऱ्या अ‍ॅपाच्या हाती सोपवावे लागते. पाहावयाची होती नोंद, आणि द्यावा लागतो मालच.

आयफोनच्या बाबतीत इतिहास निराळा आहे. त्याचा गाभाही बीएसडीच्या वंशातला, परंतु तेथे प्रॉक निर्देशिका नाही आणि अ‍ॅपांस आरंभापासूनच आपापल्या कोंडवाड्यात राहावे लागते. बाहेरच्या अ‍ॅपांस सर्व जोडण्या पाहण्याची मुभा अ‍ॅपलने दिली नाही; परंतु डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या आयओएस १५.२ या आवृत्तीत ‘अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट’ नावाचे एक सदर मात्र दिले. ते चालू केले की कोणत्या अ‍ॅपाने गेल्या सात दिवसांत कोणकोणत्या स्थळांशी संपर्क साधला, याची यादी, उघड्या बोडक्या पत्त्यांनी नव्हे तर नावांनी, मालकास पाहता येते, आणि फाइलीच्या रूपाने बाहेरही काढता येते. ती फाइल संगणकावर घेऊन साध्या प्रोग्रामाने तपासता येते. पोर्ट, अवस्था, पाकिटांची संख्या असे बारकावे तीत नाहीत, आणि जिवंत यादी तर ती नव्हेच. तरीही लेखनिक स्वतः मालकापुढे वही ठेवतो आणि कोणा तिसऱ्याच्या हाती ती पडू देत नाही, हे तत्त्व मला अगदी योग्य वाटते.

मालकास हे दफ्तर का दिसावयास हवे, याचे २०२५ मध्ये उघडकीस आलेले एक उदाहरण इतके बोलके आहे की ते विस्ताराने सांगितले पाहिजे. प्रत्येक यंत्रास स्वतःशीच बोलण्यासाठी राखून ठेवलेला १२७.०.०.१ हा पत्ता असतो. त्यावर धाडलेले पाकीट यंत्राच्या बाहेर पडतच नाही. जून २०२५ मध्ये स्पेनमधील इमडीया नेटवर्क्स, नेदरलँड्समधील रॅडबाऊड विद्यापीठ आणि बेल्जियममधील केयू ल्यूव्हेन या संस्थांच्या संशोधकांनी प्रसिद्ध केले की मेटाची फेसबुक व इन्स्टाग्राम ही अ‍ॅपे, आणि रशियातील यांडेक्स कंपनीची काही अ‍ॅपे, अँड्रॉइड मोबाइलांवर पार्श्वभूमीत राहून काही ठराविक पोर्टांवर ऐकत बसत असत. मोबाइलाच्या ब्राउझरमध्ये एखादे संकेतस्थळ उघडले आणि त्यात या कंपन्यांची मागोवा घेणारी स्क्रिप्ट असली, म्हणजे ती स्क्रिप्ट ब्राउझरकडून याच अंतर्गत पत्त्यावर आपली खूण धाडी, ऐकत बसलेले अ‍ॅप ती उचली, आणि अ‍ॅपात मनुष्य स्वतःच्या नावाने प्रविष्ट झालेला असल्यामुळे ब्राउझरमधील निनावी भ्रमंतीस नाव चिकटे. ब्राउझरच्या खाजगी खिडकीचा किंवा कुकी पुसून टाकण्याचा या मार्गापुढे काही उपयोग होत नसे. यांडेक्सने ही पद्धत २०१७ पासून आणि मेटाने सप्टेंबर २०२४ पासून वापरली होती. प्रकरण प्रसिद्ध झाले त्याच दिवशी मेटाने ती थांबवली.

आता या घटनेकडे आपल्या विषयाच्या दृष्टीने पाहावे. मेटाची अ‍ॅपे ज्या पोर्टांवर ऐकत असत त्यांपैकी एक १२३८७ हा होता, आणि षोडशमान पद्धतीत तो ३०६३ असा लिहिला जातो. म्हणजे कर्नलच्या यादीत अवस्थेच्या रकान्यात ०ए, पोर्टाच्या जागी ३०६३, आणि पुढे फेसबुकचा वापरकर्ता क्रमांक, अशी ओळ उभी असणार. आणि ऐकत बसलेल्या सॉकेटची नोंद क्षणिक जोडणीसारखी निसटून जाणारी नसते, ती अ‍ॅप चालू आहे तोवर तशीच राहते. समाजमाध्यमाच्या अ‍ॅपाने सर्व्हराप्रमाणे पोर्ट उघडून ऐकत का बसावे, हा प्रश्न ती ओळ पाहणाऱ्या कोणाही जाणत्यास पडला असता. परंतु २०१९ नंतर ती ओळ मोबाइलावरील कोणत्याही तपासनीस अ‍ॅपास दिसत नव्हती. आणि जो एक आडमार्ग शिल्लक ठेवला होता, तो व्हीपीएनचा, त्याच्या दृष्टीसही हे दळणवळण पडणे शक्य नव्हते. कारण व्हीपीएनकडे वळतात ती यंत्राबाहेर जाणारी पाकिटे, आणि ही तर यंत्राच्या आतल्या आत एका अ‍ॅपाकडून दुसऱ्याकडे जात होती. परक्यांस दफ्तर बंद करण्याचा हेतू गोपनीयतेचा होता, यात मला तिळमात्र शंका नाही. परंतु मालकासही ते बंद राहिल्यामुळे गोपनीयतेचा भंग करणारेच त्या अंधारात सुरक्षित राहिले.

यावर कोणी म्हणेल की सामान्य माणसास पोर्ट आणि अवस्था यांचे काय कळणार. तो आक्षेप मला मान्य नाही. सातबाराच्या उताऱ्यातील प्रत्येक रकाना शेतकऱ्यास कळतो असे नाही. पण उतारा मागण्याचा त्याचा हक्क त्यावरून कोणी नाकारीत नाही, कारण तो घेऊन जाणत्याकडे जाता येते. अँड्रॉइडने २०२१ मध्ये, आपल्या १२ व्या आवृत्तीत, कॅमेरा, मायक्रोफोन आणि स्थान यांचा वापर कोणत्या अ‍ॅपाने केव्हा केला हे दाखवणारा फलक मालकास दिला. त्या फलकात जोडण्यांस जागा मिळाली नाही. ती मिळावी, प्रणालीने स्वतः ती यादी सेटिंग्जमध्ये दाखवावी, ऐकत बसलेली सॉकेटेही त्यात नावानिशी असावीत, आणि मालकाच्या आज्ञेवाचून कोणत्याही अ‍ॅपास ती वाचता येऊ नये, एवढेच मागणे आहे. सारा तपशील कर्नलपाशी आजही तयार आहे, नव्याने काही शोधावयाचे नाही.

तोवर ज्यांच्यापाशी अँड्रॉइड मोबाइल आहे त्यांनी वर सांगितलेल्या मुक्त स्रोताच्या अ‍ॅपांपैकी एखादे बसवून आपल्या यंत्राच्या जोडण्या एकदा तरी नजरेखालून घालाव्यात, आणि ज्या अ‍ॅपाचे पत्ते त्याच्या कामाशी विसंगत दिसतील ते काढून टाकण्यास कचरू नये. आयफोन असलेल्यांनी सेटिंग्जमधील प्रायव्हसीच्या सदरात जाऊन ‘अ‍ॅप प्रायव्हसी रिपोर्ट’ आजच चालू करावा, कारण तो चालू केल्या क्षणापासून पुढच्याच नोंदी ठेवतो, मागील नोंदी देत नाही.